गल्लीसाठी भिणारा माणूस

शहराचा आत्मा त्याच्या नदीकाठी वसलेला असतो. आमच्या नदीकाठ सुशोभीकरण समितीच्या स्मरणिकेत पहिल्याच पानावर, मंदिराच्या कळसाच्या चित्राखाली, हे वाक्य जाड अक्षरांत छापलेलं आहे. ते मी लिहिलं. तेव्हा मला अमरावतीहून अकोल्यात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. मोर्णा नदीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ती मागच्या खिडकीतून दिसते, उन्हाळ्यात जलकुंभीखाली दिसत नाही, आणि खिडकी उघडली की डास येतात.

नदी ज्याला खरोखर माहीत होती त्या माणसाच्या घरात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, मी भाड्याने राहत होतो. पण आत्मा वगैरे शब्दांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. नदीबद्दल त्याचा एकच प्रश्न असे: आता कुठवर आली?

जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागलो. उंच, किंचित वाकलेले, आणि पायात सदैव कॅनव्हासचे बूट, नाड्या बांधलेले. घरातसुद्धा. फक्त देवपूजेला आणि झोपताना काढत, आणि झोपतानाही ते पलंगाच्या कडेला, टाचा पलंगाकडे आणि टोकं दाराकडे करून ठेवत. मी एकदा विचारलं, काका, घरात बूट कशाला? म्हणाले, "चप्पल वाहून जाते, सर. अन् अनवाणी माणूस काचेवर पाय देते. मंग बसते खाली." कुठली काच, कधी, असं मी विचारलं नाही. त्यांच्या बोलण्यात पाणी नेहमी आलेलंच असे, आपल्यालाच ते अजून दिसत नसे.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मांसाहार विचारला नाही. जुन्या शहरात हे तिन्ही प्रश्न चहाच्या आधी येतात. त्यांनी विचारलं, "पोहता येते काय?"

मी ओशाळून म्हणालो, "नाही हो. अमरावतीला नदी नाही जवळ."

"मंग या राहायले."

माझ्या आधी आलेल्या बँकेतल्या एका तरुणाने अभिमानाने सांगितलं होतं की तो विद्यापीठाकडून पोहला आहे. त्याला काकांनी दारातूनच परत पाठवलं. पुढे मी कारण विचारलं, तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं. "पोहता येते तो थांबते. म्हणते, पाहू अजून थोडं. ज्याले येत नाई तो जीव घेऊन पयते." हे वाक्य मी कॉलेजात स्टाफरूममध्ये सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या वाक्यामागे काय आहे ते मला वर्षभराने काकूंनी सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. काकांचे वडील गल्लीतले नावाजलेले पोहणारे. मोर्णा भरली की या काठावरून उडी टाकून त्या काठाला निघायचे आणि लोक काठावर उभे राहून टाळ्या वाजवायचे. एका पुरात सगळे वर निघून गेले. वडील तेवढे भांडी माळ्यावर टाकत मागे थांबले, कारण त्यांना घाई नव्हती, आणि मागेच राहिले. काका तेव्हा सात वर्षांचे. "तवापासून हे असे," काकू म्हणाल्या, आणि ताटातला खडा काढून बाजूला ठेवला.

काकू चांदूर रेल्वेच्या. तिथे नदीपेक्षा आगगाडी मोठी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, नवरा पहाटे उठून घाटावर जातो म्हणजे देवभोळा असणार. महिन्याभराने कळलं की तो हातात लोखंडी सळई घेऊन जातो. "मी माह्या आईले पत्र लिहिलं का जावई नदी मोजते. आईनं लिहिलं, मोजू दे, दारू तं पेत नाई ना."

सळईची हकीकत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला जुना दगडी घाट. गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या एक नियम होता: आठव्या पायरीला पाणी लागलं की घर सोडायचं. मोजायचं खालून, नदीच्या तळापासून. पण नदीत वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि खालच्या चार पायऱ्या त्यात गडप झाल्या. काकांनी सळई खुपसून त्या शोधून काढल्या होत्या, आणि दिसणाऱ्या पायऱ्यांवर लाल ऑइलपेंटने आकडे घातले होते. त्यामुळे घाटावर गेलं की सगळ्यात खालच्या पायरीवर पाच हा आकडा दिसे. नवा माणूस चक्रावून जाई. गल्लीतली पोरं म्हणत, काका शाळेत पहिली ते चौथी नापास होते, म्हणून पाचवीपासून मोजतात.

आठवीच का, हेही मला काकांनीच दाखवलं. एकदा जेवताना मला वर बोलावलं, ताटात भाकरी ठेवली आणि कडेने पाण्याची धार धरली. पाणी भाकरीच्या भोवती फिरलं, मागच्या बाजूला जमा झालं, आणि भाकरी वरून कोरडीच राहिली. "हे आपली गल्ली," ते म्हणाले. "समोर नदी, मागं नाला. वरच्या रस्त्यावर जायचं तं नाल्यावरचा रपटा, तो ठेंगना पूल, वलांडा लागते. नदी चढली का नाल्यातलं पाणी उलटं फिरते. आठवीले पाणी लागलं का रपटा बुडाला समजा. घरं कोरडी, माणसं कोरडी, अन् जायले वाट नाई. दोन तासानं मंग घरात येते."

मी म्हणालो, "म्हणजे पाणी समोरून येत नाही?"

"समोरून येते तो पाहुणा असते, सर."

मग त्यांनी ती ओली भाकरी शांतपणे खाल्ली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. खाली येऊन मी मागची खिडकी लावून घेतली, जणू नाला खिडकीतून येणार होता.

शहराचा इतिहास हा त्यांचा आवडता विषय. पण त्यात राजा, लढाई, सनद यांतलं काही येत नसे. किल्ला दाखवायला कोणी पाहुणे घेऊन आलं तर ते म्हणत, "किल्ला कावून टिकला? शूर होते म्हणून? उंचावर होता म्हणून." जुन्या शहरातली घरं ते मालकांच्या नावाने ओळखत नसत, जोत्याच्या उंचीने ओळखत. वकिलांचं घर सात हात, उपाध्यांचं पाच, चक्कीवाल्याचं दीड. त्यांचा सगळा सिद्धांत तीन वाक्यांत मावत असे, आणि ती तीन वाक्यं माझ्या सबंध स्मरणिकेपेक्षा बरी होती: "ज्याच्यापाशी चार पैसे आले, तो दोन पायऱ्या वर सरकला. अजून आले, तं पूल वलांडून तिकडच्या काठाले बंगला बांधला. जो रायला, तो इतिहास झाला."

भीती ते कुठेही सोबत नेत. एका कार्तिकात आम्ही कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो होतो. सगळे वर्धा नदीवर आंघोळीला उतरले. काका एसटीतच बसून राहिले, आणि कंडक्टरशी वाद घालून त्यांनी गाडीचं तोंड रस्त्याकडे फिरवून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कार्तिकात पूर येते काय?" काका म्हणाले, "येत नाई. पण गाडी इकडे तोंड करून उभी रायली तं तुमचं काही जाते काय?" कंडक्टरने ड्रायव्हरला हाक मारली. या माणसाशी वाद घालताना हीच अडचण होती. तो कधीच म्हणत नसे की संकट येणार आहे. आलं तर तुमचं तोंड कुठे असेल, एवढंच विचारत असे.

त्यांची मुलगी अमरावतीला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. दर पावसाळ्याआधी तिचा फोन येई: बाबा, इकडे या. मलाही कळत नसे की एवढा भिणारा माणूस नदीपासून शंभर पावलांवर का राहतो. एकदा विचारलंच.

त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मी गेलो तं इथं भेवाले कोन राहीन? गल्लीत एक तरी माणूस भेणारा पायजे, सर. बाकीच्याईले कामं असतात."

मी तेव्हा हे वाक्य विक्षिप्तपणाच्या यादीत टाकलं होतं.

समिती आली ती दोन वर्षांनी. अध्यक्ष पूर्वी नगरसेवक होते आणि पुन्हा होणार होते. घाटाला फरशा, दिवे, बाकं, आरशासारखा काळा दगड आणि त्यावर नदीचं माहात्म्य. मी मराठीचा प्राध्यापक, म्हणून स्मरणिकेचं संपादन आणि कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. नावापुढे संपादक लागलं की डास कमी चावतात.

पायऱ्यांना रंग देताना कंत्राटदाराने विचारलं की आकड्यांचं काय करायचं. लाल आकडे पुसायचे की नवे घालायचे? अध्यक्ष म्हणाले, "पाचापासून काहून? पाहुणे विचारतीन, पहिल्या चार कोठी गेल्या. सर, तुमी शिकलेले, तुमीच सांगा."

मी सांगितलं, "दिसते ती पहिली."

ही चूक माझी आहे. ती फार लहान आहे आणि तिला कोणी माझं नाव लावलेलं नाही. नवे आकडे पांढऱ्या रंगात, सुंदर वळणाचे, एकपासून. जिथे काकांचा पाच होता तिथे एक आला. जिथे आठ होता तिथे चार. आणि नवा आठ बिचारा बाराव्या पायरीवर जाऊन बसला. गल्लीला मात्र नियम तोच पाठ होता: आठवी.

काका माझ्याकडे स्मरणिका घेऊन आले. त्यातला एक परिच्छेद लाल पेन्सिलने घेरला होता. "आठव्या पायरीस जल लागताच नगरजन सुरक्षित स्थळी जात असत, अशी आख्यायिका आहे."

"आख्यायिका म्हंजे?"

"म्हणजे जुन्या लोकांनी सांगितलेली गोष्ट."

"खोटी?"

"तसं नाही, काका. सांगोवांगीची."

"मी सळईनं मोजलं ना जी. सळई सांगोवांगी असते काय?"

ते अध्यक्षांकडेही गेले. अध्यक्ष घाटावरच होते, चार माणसं भोवती होती. ते हसून म्हणाले, "काका, जी पायरी दिसतच नाई तिले नंबर कसा द्याचा?"

काका म्हणाले, "तुमचे आजोबा दिसतात काय? मंग आडनाव कावून लावता?"

चार माणसं हसली, आणि तेच काकांच्या मुळावर आलं. अध्यक्षांना कोणी हसलेलं चालत नसे. काकांनी दोनदा पहाटे जाऊन आपले लाल आकडे पुन्हा घातले. दोनदा ते पुसले गेले. तिसऱ्यांदा सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण केल्याबद्दल तक्रार करू असा निरोप आला. तो निरोप माझ्याच हाती आला, आणि मी तो पोचवला. काकांनी पेंटचा डबा माझ्यासमोर झाकण घट्ट लावून बंद केला.

त्यानंतर ते जास्त भिऊ लागले. पूर्वी त्यांचं भय बडबडं होतं, आता ते गप्प झालं. दिवसातून तीन-तीनदा सळई घेऊन घाटावर जात. कागदपत्रं ठेवलेला तुपाचा जुना डबा आढ्याला टांगलेला असे, तो खाली आणून दाराशी ठेवला. एके दिवशी माझी बायको आमच्या मुलीला घेऊन माहेरून, अचलपूरहून, आली. मुलगी सव्वा महिन्याची. काकूंनी ओवाळलं, काकांनी बाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "वजन किती आहे?"

बायको कौतुकाने म्हणाली, "चार किलो भरलं, काका."

"एका हातानं नेता येईन," ते म्हणाले आणि वर गेले. बायकोला वाईट वाटलं. मी म्हणालो, जाऊ दे, ते तसेच आहेत.

तो दिवस श्रावणातला, सकाळी दहाचा सुमार. अकोल्यात ऊन होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आमचा सगळ्यांचा विश्वास त्या उन्हावर होता. पाऊस झाला होता तो वर, पातूरच्या डोंगराकडे, आणि त्याचं पाणी कोरड्या शहरात शिरत होतं. नदी बऱ्याच वर्षांनी भरून वाहत होती, म्हणून समितीने घाईघाईने जलपूजन ठरवलं. नदीची ओटी भरायची: साडी, खण, नारळ. ढोलपथक, मंडप, माइक. माइक माझ्याकडे.

मी कुर्ता घालत असताना काका दारात आले.

"सर, चला."

"कुठे?"

"वर. सहावीवर आहे अन् चढून राहिलं."

"काका, मी आत्ता पाहून आलो. दुसरीलाच आहे."

"तुमची दुसरी."

बायको पाळण्याची दोरी धरून आमच्याकडे बघत होती. मला आतून भीती वाटत होती, हे मी आज कबूल करतो. पण भिऊन निघालो तर काकांसारखा दिसेन, ही भीती त्याहून मोठी होती. मी म्हणालो, "आठवीला लागलं की निघू. नियमच आहे ना तुमचा."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं माणूस बंद दुकानाकडे पाहतो.

घाटावर गल्लीतल्या निम्म्या बायका नटून उभ्या होत्या. नदीचा रंग चहासारखा झाला होता आणि तिचा आवाज ढोलाच्या खालून येत होता, ढोल थांबला की एकदम जवळ वाटे. मी पांढऱ्या आकड्यांकडे बघत होतो. तीन बुडाला. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "चढू द्या, फोटो चांगला येते." मी माइकवर नदीमातेबद्दल काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

मग गल्लीतून काका आले. हातात स्टीलचं ताट, त्यावर पळीने बडवत. ठण ठण ठण. तोंडाने ओरडत होते, "निघा! आठवीले येऊन राहिलं! निघा!" पण ढोल चालू होता. बायकांना वाटलं, काकांचा राग गेला, तेही पूजेला आले. त्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. दोघीजणी घरात जाऊन आपापली ताटं घेऊन आल्या आणि त्यांच्या सुरात बडवू लागल्या. ढोलवाल्याने ठेका बदलून त्यांच्याशी जुळवून घेतला. काका गर्दीच्या मधोमध उभे होते, त्यांचे ओठ हलत होते, आणि त्यांच्या प्रत्येक ठोक्यावर पन्नास माणसं ताल धरत होती. त्यांनी बडवणं थांबवलं. ताट खाली टाकलं आणि पाठ फिरवून गेले.

पांढऱ्या चारला पाणी लागलं. मी ते पाहिलं. चार. अजून चार आहेत, मी मनात म्हणालो. आणि मनाच्या मागे कुठेतरी एका ताटात भाकरीभोवती पाणी फिरू लागलं.

तेवढ्यात बायकोची किंकाळी आली. तशी किंकाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही, ऐकायची इच्छाही नाही. ती गल्लीत उभी होती, केस सुटलेले. "अहो, बाळ! काकांनी बाळ नेलं!"

माझ्या हातात माइक होता हे मी विसरलो. मी ओरडलो, आणि ते मंडपावरच्या चार कर्ण्यांतून जुन्या शहरावर गेलं: "माझं लेकरू पळवलं! म्हाताऱ्याने माझं लेकरू पळवलं! धरा त्याला!"

मग मी पळालो. पळता पळता खिशातून फोन काढून पोलिसांचा नंबर लावला, आणि माझं नाव, पत्ता, मुलीचं वय धापा टाकत सांगितलं. माझ्या मागे बायको आणि घाटावरच्या सगळ्या बायका पळत होत्या. पूजेला न आलेली माणसंही कर्णे ऐकून घराघरांतून बाहेर पडली. चक्कीवाला पिठाने माखलेला, कोणी तोंडाला साबण लावलेला, कोणाच्या हातात लाटणं, कोणाच्या हातात काठी. "पकडा! लेकरू घेऊन पयून राहिला!" म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा पाय फुटले. शेजारच्याचा पूर असला तर माणूस उंबऱ्यात उभा राहून पाहतो. लेकरू पळवलं म्हटल्यावर घरात कोणी थांबत नाही.

पुढे शंभर पावलांवर काका पळत होते. वाकलेले, छातीशी दुपटं, कॅनव्हासचे बूट. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते रपट्यात शिरले तेव्हा पाणी त्यांच्या घोट्याला लागलं. मी शिरलो तेव्हा गुडघ्याला होतं, आणि ते नदीकडून नाल्यात, उलटं, येत होतं. मी पाहिलं, पण मला कळलं नाही. मागच्यांनी एकमेकांचे हात धरून पार केलं तेव्हा कमरेला होतं. शेवटच्या दोघींना चक्कीवाल्याने पदराला धरून ओढलं.

वरच्या रस्त्यावर काका थांबले. मी त्यांची कॉलर धरली. हात उगारला होता, तो पडला की नाही, हे मला खरंच आठवत नाही, आणि काकांना मी ते कधी विचारलं नाही. ते धापा टाकत म्हणाले, "मान धरा, सर, लेकराची. माहे हात थरथरून राहिले."

मी बाळ घेतलं. ती झोपलेली होती. मागे लोक अंगावर धावून येत होते. काका बोट दाखवून म्हणाले, "तिकडे पाहा."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रपटा नव्हता. जिथून आम्ही आलो होतो तिथे तपकिरी पाणी सपाट, वेगाने, आवाज न करता चाललं होतं. पलीकडे आमची घरं उन्हात कोरडी उभी होती. एका बाईच्या हातात अजून ताट होतं, ते तिने हळूच जमिनीवर ठेवलं.

रस्त्याकडेला ओट्यावर काकू तुपाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकाळी आठपासून. "मले म्हणे, तू जा पुढं, मी लोकाईले घेऊन येतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुमचं कोन ऐकते?"

दोन तासांनी पाणी घरांत शिरलं. आमच्या खोलीत ते पंख्यापर्यंत चढलं. पाळणा दोन दिवसांनी घाटापासून बऱ्याच खाली, बाभळीत अडकलेला मिळाला. तो घेऊन मी घरी आलो नाही. अध्यक्ष आणि ढोलपथक मंडप सोडायला उशीर झाल्याने मागे राहिले होते. त्यांनी रात्र घाटावरच्या देवळाच्या शिखराला धरून काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते बोटीने उतरले. सगळे जगले.

पुराच्या संध्याकाळी, निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेच्या वर्गात, आम्ही सतरंजीवर बसलो होतो. मी काकांना विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? मला वाटलं, ते काही शहाणपणाचं बोलतील.

"सुचलं कशाचं?" ते म्हणाले. "मले भेव वाटत होतं, पयायचं होतं. एकटं पयायची लाज वाटली. लेकरू हाती असलं का माणसाले लाज वाटत नाई." मग म्हणाले, "तुमी सारे मागं यान, हे मले नोतं वाटलं. मारान, एवढं वाटलं होतं."

समितीने त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि 'निर्भय जलयोद्धा' असं कोरलेलं सन्मानचिन्ह. सत्कार घाटावर होता, म्हणून काका गेले नाहीत. सन्मानचिन्ह मीच घरी नेऊन दिलं. त्यांनी 'निर्भय' हा शब्द दोनदा वाचला आणि ते उलटं करून कपाटात ठेवलं. पायऱ्यांवरचे आकडे पुसले, पुन्हा लाल घातले. यावेळी काकांच्या हातून, आणि अध्यक्ष स्वतः डबा धरून उभे होते. तीन वर्षांनी काका गेले, झोपेत, माघ महिन्यात, नदी कोरडी असताना. शोकसभेत अध्यक्षांनी सांगितलं की त्या दिवसाचा इतिहास सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल.

तो लिहिलेला आहे, आणि निळ्या बॉलपेनने. पुरानंतर आठवड्याने पोलिस ठाण्यातून फोन आला की अपहरणाची तक्रार उघडी आहे, येऊन काय ते सांगा. काका आणि मी सोबतच गेलो. मी हवालदाराला पायऱ्या, रपटा, ताट, कर्णे असं सगळं पाऊण तास समजावलं. काका शेजारी बसून मान डोलवत होते. हवालदाराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, एवढं लिहायले रकाना नाई." मग त्याने लिहिलं: "मूल घरमालकाने फिरावयास नेले होते. तक्रार नाही." खाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत.